बडोद्याहून सहा दिवस मोटरहोम: गीर आणि एकतानगर सोडून कुठे जावं?

कारेलीबागकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाड्याची मोटरहोम घेऊन सहा दिवस निघायचा बेत आहे. बडोद्याहून सुरुवात, बडोद्यालाच शेवट. गीर, एकतानगर, कच्छचा रणोत्सव नको; तिथे त्या दिवसांत नुसती माणसं असतात. जवळपासची कमी ऐकलेली पाणथळं, जंगलं, माळ पाहायचे आहेत.

गाडी फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली आहे. छतावरचं सोलर आणि व्हेंट धरून उंची २.९ मीटर. पाण्याची टाकी १२० लिटर, सांडपाण्याची ८०, कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करायचं) २० लिटरचं. लिथियम बॅटरी १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवर, सोलर ३०० वॅट. माणसं चार: आम्ही दोघं, आई (६८, गुडघ्यांचा त्रास) आणि नऊ वर्षांचा मुलगा. त्याला पक्ष्यांचं वेड आहे आणि अस्वल बघायचंच असा हट्ट आहे, म्हणून रतनमहाल डोक्यात आहे.

विचारायचं हे की क्रम कसा लावावा, रात्री गाडी कुठे उभी करावी, पाणी-वीज पुरेल का, आणि या आकाराची गाडी कुठे अजिबात नेऊ नये?

---

दांडियाबाजार_दुर्बीण

दादा, सहा दिवसांत तीन वेगळ्या जागा नीट होतात: पूर्वेला तळं आणि डोंगर, मग चरोतर (आणंद-खेड्याकडचा पट्टा), मग भालचा (धोलेरा-वेळावदरकडचा सपाट) माळ. चौथी जोडलीत की निम्मा वेळ स्टिअरिंगवर जाईल.

पहिल्या दिवशी दुपारी निघून चांदोदला मुक्काम. बडोद्यापासून साधारण ५० किलोमीटर. नर्मदा-ओरसंग संगमामुळे यात्रेकरूंची सवय असलेलं गाव आहे, धर्मशाळेच्या आवारात विचारलं की गाडी लावू देतात, पाणीही मिळतं. घाटाच्या उतारावर गाडी नेऊ नका, वरच ठेवा.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वढवाणा. डभोईच्या बाजूचं हे तळं सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० च्या सुमारास सिंचनासाठी बांधलं गेलं. २०२१ मध्ये ते रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या) आलं. आजही त्यातून शेतीला पाणी जातं. पट्टकादंब आणि कलहंस रात्री-पहाटे आजूबाजूच्या शेतात चरतात आणि ऊन वर आलं की थवे पाण्यावर परततात. म्हणजे सकाळी सातला पोचून आठला निघून आलात तर मुख्य गोष्टच हुकते. साडेदहापर्यंत थांबा. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, लालसरी आणि शेकड्यांनी वारकरी तर दिवसभर दिसतील. बांधावरून चालायचं सपाट आहे, आईंना जमेल, एक घडीची खुर्ची मात्र बरोबर असू द्या. ८×४२ ची दुर्बीण पुरते, पण पाण्याच्या मध्यावरचे थवे ओळखायचे तर स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची एका डोळ्याची दुर्बीण) हवा. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा, समोर ऊन असलं की सगळी बदकं काळी दिसतात.

दुपारी जांबुघोडा. १९९० मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य, सुमारे १३० चौरस किलोमीटर, साग-बांबू-मोहाचं. कडा धरणाच्या काठी वनखात्याचं शिबिरस्थळ आहे, तिथलं आरक्षण आधीच करा. गाडी आवारात उभी करून झोपायची परवानगी त्याच वेळी मागून घ्या. ऐन वेळी गेटवर वाद घालून उपयोग नसतो. बिबळ्या आहे, दिसेल असं धरू नका. इथे खरं बघायचं ते पहाटेचं पानगळीचं जंगल आणि संध्याकाळी धरणावर पाण्याला येणारे पक्षी.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर हालोल-बडोदा करत वासदवरून बोरसद, धर्मज, तारापूर. नकाशा पादऱ्याहून गंभीरा पुलाचा जवळचा रस्ता दाखवेल. तो पूल जुलै २०२५ मध्ये कोसळला आहे, तेव्हा वासदचाच मार्ग धरा. धर्मज-तारापूरच्या पट्ट्यात हमरस्त्यावरच्या मोठ्या पेट्रोलपंपावर मुक्काम. डिझेल तिथेच भरा, मॅनेजरला विचारा आणि ट्रकच्या रांगेत न लावता भिंतीकडे लावा. ट्रक रात्रभर सुरू-बंद होत असतात.

चौथा दिवस पूर्ण चरोतरचा. देवा, मलातज या गावांच्या तळ्यांत मगरी आहेत, आणि त्याच तळ्यांवर माणसं कपडे धुतात, गुरं पाणी पितात. हे सहजीवन पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. खोडियार मातेचं वाहनच मगर. मगरीला इथे कुणी दगड मारत नाही, तुम्ही पाहुणे म्हणून तोच मान ठेवा. दुपारनंतर परिएजचं तळं. तिथे संध्याकाळी सारस उतरतात.

पाचव्या दिवशी तारापूर-वटामण-धोलेरा करत वेळावदर, हळू चालवलं तर अडीच-तीन तास. संध्याकाळ आणि सहाव्या दिवसाची सकाळ तिथे, मग परत. तिथलं काळवीट राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, डिसेंबर हा ऐन हंगाम.

वेळावदरला काळवीट सगळे बघतात आणि निघून जातात. तुम्ही सूर्यास्ताला गवताकडे तोंड करून थांबा. मध्य आशियातून आलेले भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) दिवसभर भालच्या शेतांवर फिरून रात्री या गवतात जमिनीवर झोपायला येतात. जगातल्या सर्वांत मोठ्या विश्रांतिस्थळांत याची गणना होते. आधी एखाद-दुसरा येतो, गवतावरून पंख न हलवता फिरतो, खाली बसतो, पुन्हा उठतो. अंधार पडता पडता एकाच वेळी कितीतरी पक्षी गवताच्या टोकावरून फिरत असतात आणि कुठला खाली बसला ते कळतही नाही. मुलाला मादीच्या शेपटीच्या बुडाशी असलेला पांढरा पट्टा शोधायला सांगा, भोवत्या ओळखायची ती पहिली खूण.

उद्यानात मोटरहोम नेऊ नका. उंच, गोंगाटाची गाडी पाहून काळवीट दूर जातात आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचं नुकसान होतं. ती बाहेर लावा आणि गाईडसह जीप घ्या.

---

मकरपुरा_वायरिंग

वीज-पाण्याचा हिशेब मांडतो.

बॅटरी १२.८ व्होल्ट × २०० म्हणजे २५६० वॅट-अवर, त्यातली ८० टक्के वापरा, म्हणजे साधारण २०५०. खर्च: ४० लिटरचा कंप्रेसर फ्रिज ४५ वॅटचा, थंडीत दिवसाला दहा-बारा तास चालतो, म्हणजे ५०० च्या आसपास. पंखे, दिवे, पंप, मोबाइल, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मिळून ४००-५००. एकूण हजाराच्या घरात. ३०० वॅटचं सपाट बसवलेलं सोलर डिसेंबरच्या तिरप्या उन्हात ८००-१००० देतं, तेही पॅनेल पुसलेलं आणि सावलीबाहेर असेल तर. झाडाच्या एका फांदीची सावली पॅनेलवर पडली तरी उत्पादन निम्म्याच्या खाली येऊ शकतं. शिवाय चालत्या गाडीतून डीसी-डीसी चार्जर ३० अँपिअरने भरतो, तीन तासांत हजारेक वॅट-अवर. म्हणजे तुमचं भागेल. एसी विसरा, रात्रभराचाच तो पाच-सहा हजार खातो. डिसेंबरात लागतही नाही.

गडबड होते ती इंडक्शनमुळे. १८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टवर दीडशे अँपिअरहून जास्त ओढते. पुष्कळ बॅटऱ्यांचं बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) १०० अँपिअरला तुटतं आणि फ्रिजसकट सगळं बंद पडतं. लोकांना वाटतं बॅटरी गेली. लोड काढून चार्जर जोडला की बहुतेक वेळा ती परत जागी होते. स्वयंपाक गॅसवरच करा. ५ किलोचा सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि ज्या कप्प्यात असेल त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवंच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. निघायच्या आधी नळी आणि रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद. आणि थंडी वाजते म्हणून रात्री बर्नर पेटवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी: चार माणसं, बादलीने आंघोळ, माणशी १५ लिटर धरलं तरी ६० होतात. म्हणजे १२० ची टाकी दोन दिवस. चांदोदला भरा, परतताना बडोद्यात भरा, तारापूरला पुन्हा काठोकाठ भरा. तारापूरच्या पुढे भाल लागतो, तिथलं जमिनीखालचं पाणी खारं. ते टाकीत घातलंत तर चहा बिघडेल आणि पंपाच्या जाळीवर, नळांवर क्षार बसतील. प्यायला २० लिटरचे दोन जार वेगळे ठेवा.

सांडपाण्याची टाकी मात्र ८० चीच आहे, ती आधी भरते. भरली की शॉवरच्या जाळीतून पाणी वर येतं. भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा. कॅसेट दीड-दोन दिवसांत भरेल, हमरस्त्यावरच्या सशुल्क शौचालयात परवानगीने रिकामी करा. फॉर्मालिनचं औषध वापरू नका, सेप्टिक टँकमधले जिवाणू त्याने मरतात. आणि तळ्यात, कालव्यात, नाल्यात तर कधीच नाही. वढवाण्याचं पाणी पुढे लोकांच्या शेतात जातं.

उंचीबद्दल: २.९ चा आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. रेल्वेखालच्या गरनाळ्यांपुढे (भुयारी रस्त्यांपुढे) उंचीचा आडवा दांडा असतो, त्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. रस्ता पुन्हा डांबरला असेल तर लिहिलेली उंची खरी राहत नाही, तेव्हा दहा सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. बडोदा स्टेशनजवळच्या अलकापुरी गरनाळ्याच्या वाटेला जाऊच नका.

---

पंचमहाल_पायवाट

रतनमहालबद्दल. दांडियाबाजारकरांनी ते यादीत घेतलं नाही हे बरोबरच केलं, पण कारण सांगायला हवं होतं, नाहीतर मुलाचा हट्ट तसाच राहील.

१९८२ चं हे अभयारण्य लहान आहे, ५५ चौरस किलोमीटरच्या आसपास, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून, आणि गुजरातेतली सर्वाधिक अस्वलं याच भागात. पण अस्वल दिसायची आशा धरायची तर मार्चच्या मध्यापासून एप्रिल. तेव्हा मोहाची फुलं रात्री गळतात आणि ती खायला अस्वलं उजाडेपर्यंत झाडाखाली रेंगाळतात. डिसेंबरात त्यांचं खाणं वाळवी, मुंग्या आणि पिकायला लागलेली बोरं यांवर, पसरलेलं. ती संध्याकाळनंतर निघतात आणि सकाळी कपारीत जातात. दोन दिवस घालवून बहुधा काहीच दिसणार नाही.

दुसरं, कंजेटा गावाच्या पुढे रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे. ट्रॅव्हलरच्या मागच्या चाकांमागे लांब ओव्हरहँग (बाहेर आलेला भाग) असतो, त्यात तुमची सांडपाण्याची टाकी बहुतेक तिथेच खाली लटकलेली. उतारावरून सपाटीला येताना तीच आधी घासते, आणि टाकीचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह तुटला की प्रवास संपला. जायचंच असेल तर गाडी देवगड बारियाला ठेवून जीपने जा.

मुलाला अस्वल नाही तर अस्वलाचं काम दाखवा, जांबुघोड्यातही ते सापडतं. वारूळ उकरलेलं असतं, पण कोल्ह्या-कुत्र्यासारखं वरवर नाही: एका बाजूने हात-हातभर खोल भोक, बाहेर ओढलेली माती आणि कडेला लांब नखांचे समांतर ओरखडे. अस्वल त्या भोकात नाक घालून आधी माती फुंकतं, मग वाळवी ओढून घेतं. तो आवाज शांत रात्री बराच लांब जातो. मोहाच्या, मधाच्या झाडांच्या खोडांवर चढल्याच्या खुणा बघा. विष्ठेत या दिवसांत बोरांच्या बिया भरलेल्या असतात.

पायी जाल ते वनखात्याचा माणूस बरोबर घेऊन, सकाळी आठनंतर, संध्याकाळी पाचच्या आत, आणि आपापसात बोलत. गप्प चालणं बिबळ्यासाठी ठीक असेल, अस्वलासाठी धोक्याचं. त्याची नजर अधू, खाण्यात गुंग असतं, आणि अगदी जवळ अचानक माणूस आला की घाबरून अंगावर येतं. माणसाचा आवाज लांबून कानावर गेला तर बहुतेक वेळा तेच बाजूला होतं. दिसलंच तर पळू नका, पाठ न दाखवता मागे सरका, त्याची निघायची वाट मोकळी ठेवा. पिल्लं पाठीवर असलेली मादी असेल तर फोटोचा विचारसुद्धा नको.

एक विनंती सगळ्यांनाच. लांडग्याची बिळं, तरसाची गुहा, सारसाचं घरटं यांचं नेमकं ठिकाण इथे किंवा फोटोबरोबर टाकू नका. मोबाइलच्या फोटोतलं लोकेशन बंद ठेवा. अभयारण्य जाहीर असतं, पण घर त्यांचं असतं, आणि चार गाड्या सलग दोन दिवस आल्या की मादी पिल्लं हलवते.

---

कारेलीबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रतनमहाल मार्चमध्ये जीपने करू, मुलालाही पटलंय. आता दोन शंका. चरोतरात तळ्याजवळच मुक्काम केला तर मगरीचा धोका किती? आणि वेळावदरच्या बाजूला मातीच्या रस्त्यावर गाडी रुतली तर काय करायचं?

---

चरोतर_पाणथळ

ताई की दादा माहीत नाही, पण तळ्याजवळ मुक्काम करू नका. मगर आपण होऊन गाडीपाशी येईल म्हणून नव्हे. भांडी धुतलेलं पाणी, मांसाचे तुकडे, फेकलेली पोळी यांनी आधी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे मगर काठाला येते. तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून जाता, सवय लागलेली मगर आणि तिथे कपडे धुणारी बाई मागे राहतात. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, सरपंचांना सांगून, तळ्यापासून चांगलं दोनशे मीटर लांब थांबा.

बघायची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. मगर थंड रक्ताची, रात्रभर गार झालेली, म्हणून हिवाळ्यात ऊन खायला बाहेर येते आणि तासन्‌तास हलत नाही. तोंड उघडं ठेवून पडली असेल तर ती रागावलेली नाही, डोक्याची उष्णता कमी करतेय. काठावर जायच्या आधी चिखल वाचा. पोटाची गुळगुळीत घसरण, तिच्या दोन्ही बाजूंना पंजाचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ दिसली की ती तिची रोजची चढायची जागा. तिथे पाय ठेवायचा नाही, मुलाला तर नाहीच. लोक ज्या पायऱ्या वापरतात तिथून, पाण्यापासून दहा मीटर मागे राहून बघा. फेब्रुवारी ते एप्रिल माद्या काठाच्या मातीत अंडी घालतात, तेव्हा याच्या दुप्पट अंतर ठेवावं.

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी वाकून गाडीखाली टॉर्चने बघायची सवय लावा. पावसाळ्यात मगरी तळी बदलताना खरंच उभ्या गाडीखाली शिरतात. हिवाळ्यात तसं सहसा होत नाही, पण कुत्रं, साप असू शकतो. गाडीच्या तळातून नळ्या जिथे आत येतात त्या फटी स्टीलच्या घासणीने गच्च भरा, उंदीर आणि त्यामागून साप येतात ते तिथूनच. दंश झालाच तर बांधू-कापू नका, अवयव हलवू नका, १०८ ला फोन.

सारसांचं अंतर सारसच सांगतात. चरताना दोघांनी एकदम मान वर केली तर तुम्ही जास्त जवळ आहात, तिथेच थांबा किंवा मागे या. दीडशे मीटर सुरक्षित. या दिवसांत जोड्या आणि तरुण पक्षी एकत्र येतात, त्यामुळे परिएजला एका नजरेत बरेच दिसू शकतात. घरटी पावसाळ्यातली, तेव्हा भाताच्या खाचरात.

रुतण्याचं: भालची माती कोरडी असेपर्यंत दगडासारखी, पण अवकाळी सर आली किंवा कालव्याचं पाणी फुटलं की चिकट. तीन-साडेतीन टनाची मागच्या चाकांवर चालणारी गाडी अर्ध्या मिनिटात बसते. चाकं जागच्या जागी फिरू लागली की ताबडतोब अॅक्सिलरेटर सोडा, पुढची प्रत्येक फेरी खड्डा खोल करते. माणसं उतरवा, टाकीचं पाणी सोडा (१२० लिटर म्हणजे १२० किलो), चाकांपुढची माती फावड्याने उतरती करा, टायरच्या खाचांमधला चिखल काढा. मागच्या चाकांतली हवा एक तृतीयांश कमी करा, चाकांखाली गोणपाट आणि चार फुटी फळ्या, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू. नाही निघाली तर ट्रॅक्टर. दोरी चासीच्या टो-हुकलाच लावायची, बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला नाही, आणि ओढताना कुणी दोरीच्या रेषेत उभं राहायचं नाही. बाहेर निघालात की आधी कंप्रेसरने हवा भरा, कमी हवेवर वेगात चालवलं की टायर तापून फुटतो. पाऊस पडला असेल तर डांबर सोडूच नका.

---

खंबात_भरती

उशिरा लिहितोय, पण एक अर्ध्या दिवसाची जागा सांगायची राहिली. परतीला एक सकाळ उरली, किंवा पुढे कधी रविवार मोकळा मिळाला, तर पादरा-जंबुसर करत कावी-कंबोई. स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीत बुडतं म्हणून गर्दी होते, पण पक्ष्यांसाठी मंदिरापेक्षा महीच्या मुखाचा चिखल बघा. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, पाण्याच्या पातळीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला पक्षी दूरवर विखुरलेले असतात आणि काही कळत नाही. भरतीच्या आधीचे दोन तास धरा: पाणी पुढे सरकतं तसे कुरल, चिखले, कधी रोहित (फ्लेमिंगो) पक्षीही काठाकडे ढकलले जातात आणि जागच्या जागी बसून दिसतात. आईंसाठी हीच सर्वांत सोयीची जागा, चालायलाच लागत नाही.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा मागच्या आठवड्याची वेळ धरून जाऊ नका, मंदिरात त्या दिवसाची विचारा. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवशी पाणी सर्वांत वर येतं, अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी. चिखलावर उतरायचं नाही, वरची पापडी वाळलेली दिसते आणि खाली गुडघाभर जातं. गाडी बांधलेल्या वाहनतळावरच ठेवा, काठाच्या मोकळ्या मातीवर नाही. घरी आल्यावर गाडी परत देण्याआधी खालून गोड्या पाण्याने धुवा: टाक्यांचे पट्टे, ब्रेकच्या नळ्या, अर्थिंगचे जोड. खाऱ्या हवेने पहिला गंज तिथेच धरतो.